बाबांच्या सायकलची सीट

दहिसर, ९ जून २०२४

चि. प्रीतमला ताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

फोनवर बोलायचं तर बाबा शेजारीच असतात, म्हणून लिहितेय. त्यांच्या वाढदिवसाला तू त्यांची जुनी सायकल नीट करून आणलीस, चाळभर कौतुक झालं. नट-बोल्टांच्या डोक्यावरचं कंपनीचं अक्षर ओळखून तू एकेक अस्सल भाग कसा जमवलास, हे तुझे भाऊजी अजून सांगत सुटलेत. पण बाबा तेव्हापासून सायकलवर बसलेले नाहीत. काल हळूच विचारत होते, काढलेली ती रुंद सीट प्रीतमने ठेवलीय ना?

अरे, ती आईची होती. बाबा रिटायर झाल्यावर आई सायकल शिकली, तू तेव्हा दुबईला होतास. चामड्याची सीट तिला टोचायची, म्हणून बाबांनी ती रुंद बसवली. आई गेल्यावरही बदलली नाही. मीच तुला आधी सांगायला हवं होतं रे.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
ताई

मुलुंड, १४ जून

प्रिय ताईस सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. ती सीट मी भंगारात दिली गं. वर मित्रांसमोर हसलो, की या सायकलला असली सीट लावली कोणी! भंगारवाल्याकडे जाऊन आलो, माल कधीच पुढे गेला म्हणाला. तशीच दुसरी मिळते, पण ती लावून बाबांना फसवणं जमणार नाही. कुठला नट कुठल्या काळातला ते मला कळतं, आणि आपली आई सायकल चालवायची हे ठाऊक नव्हतं.

रविवारी येतो. बाबांना मलाच सांगू दे.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
प्रीतम

मुलुंड, १७ जून

प्रिय ताईस जयभीम.

तू मुद्दाम बाजारात गेलीस ते कळलं. तू यायच्या आत निघालो, नाहीतर तुझ्यासमोर रडलो असतो.

बाबांना सगळं सांगितलं. चिडले असते तर बरं झालं असतं. गेली तर गेली, एवढंच म्हणाले. चहा हातातच निवला. मग मला सायकलपाशी नेलं, मागच्या मडगार्डावरच्या पोच्यावरून बोट फिरवलं. म्हणाले, आई पहिल्यांदा पडली तेव्हाचा हा, नदीच्या पुलाजवळ. उठून शिव्या मात्र मला घातल्या तिने. आणि हसले गं बाबा.

ताई, तो पोचा ठोकून काढायला मी माणूस ठरवला होता. शनिवारी येणार होता. त्याला नको म्हणून कळवलंय. बाबांना हे सांगायचा धीर झाला नाही. तूही सांगू नकोस.

माया असू दे.

तुझा,
प्रीतम