बुधवारचं खोगीर, रविवारचं खोगीर

७ जून, रविवार

चढले! माझा हेन्री दोन वर्षांचा असताना घोड्यावरून उतरले होते, ती आज परत चढले. आता हेन्रीलाच मुलगी झाली आहे.

खोगीर मात्र ऑरिनने चढवून दिलं. मी उचलायला गेले, तर ते गुडघ्याच्या वर येईना. खांद्याच्या ऑपरेशनपासून उजवा हात वर जातच नाही. माझा हा मोठा भाऊ कुंपणाला टेकून गंमत बघत होता. मग आला, उचललं आणि डीकन घोड्याच्या पाठीवर ठेवलं. म्हणतो, "चला बाईसाहेब, रथ तयार आहे."

नदीपर्यंत गेलो आणि परत आलो. खोगिराची पुढची मूठ मी एकदाही सोडली नाही. ती असते दोर अडकवायला. मी तिथे जीव अडकवला होता.

८ जून

मांड्या! मांड्या!

१० जून, बुधवार

दर वेळी ऑरिनने खोगीर टाकायचं आणि मग मी राणीसारखं बसायचं – हे मला नको. मनात आलं की स्वतः खोगिराचा तंग कसावा आणि निघावं, एवढंच हवंय. पशुखाद्याच्या दुकानात इमोजेनबाईंची चिठ्ठी लावलेली दिसली – इंग्लिश पद्धतीने घोडेस्वारी शिकवते. गेले.

सत्तरीच्या बाई. इंग्लंडमधल्या केंटहून आल्या त्याला चाळीस वर्षं झाली, पण इथल्या मोंटानाचा एक शब्दही तोंडाला लागू दिलेला नाही. त्यांचं खोगीर डाव्या हाताने उचललं – पिठाच्या पिशवीएवढं हलकं! त्यांच्या टॅन्झीवर मीच टाकलं. मीच. डोळ्यांत पाणी आलं, ते घोडीच्या मानेला पुसलं.

पण वर बसल्यावर कळलं, पुढे मूठच नाही. हात आपोआप शोधायला जातो आणि हवा धरून परत येतो. बाई म्हणाल्या, "काय हरवलंय तुझं, नेटा? खाली बघून सापडणार नाही. समोर बघ."

२१ जून, रविवार

ऑरिनला कळलं. गावात काय लपतं! "पॅनकेक टाकून बसतेस म्हणे घोड्यावर? वरून सिरप कोण घालतं?"

मी म्हटलं, "पॅनकेक मला उचलता येतो."

पाठ फिरवून गेला. मग नेहमीसारखं खोगीर आणलं, डीकनवर टाकलं आणि कुंपणाला टेकून बराच वेळ उभा राहिला. रागावला असावा.

५ जुलै, रविवार

आज शोभा झाली. दुडक्या चालीत टॅन्झीवर उठायचं-बसायचं, उठायचं-बसायचं – अंगात तेच भिनलेलं. डीकनवरही उठले, आणि बसताना ती मूठ थेट पोटात! वर लगाम दोन्ही हातांनी ताणून धरलेला. बिचारा डीकन थांबला, मग मागे मागे जायला लागला. त्याला वाटलं, हिला हेच हवंय.

ऑरिन हसून हसून आडवा. "अगं, तो चहाला नाही निघालेला! सोड लगाम, त्याला त्याचं कळतं!"

८ जुलै, बुधवार

आणि आज उलटं. टॅन्झीवर लगाम एका हातात, सैल. तिने मान खाली घातली आणि चरायला लागली. इमोजेनबाई म्हणाल्या, "जेवण झालं की सांगा, आपण धडा सुरू करू."

एकीकडे पाय लांब सोडायचे, एकीकडे आखडून घ्यायचे. एक घोडा म्हणतो सोड, दुसरी म्हणते धर. मी कुठेच धड नाही. दोन्ही सोडून द्यावं का?

२२ जुलै

नाही सोडलं.

१२ ऑगस्ट, बुधवार

पडले.

बाईंच्या कुरणामागच्या वाटेने एकटीच निघाले होते. झुडपातून रानकोंबडी फडफडली, टॅन्झी एका बाजूला आणि मी दुसऱ्या. पाठीवर आपटले. वर आभाळ. श्वास येईना. मग आला.

मागच्या वेळी, हेन्री लहान असताना, पडले तेव्हा गळपट्टीचं हाड मोडलं होतं. उठून थेट घरात गेले होते आणि खिडकीतूनसुद्धा घोड्यांकडे बघायचं सोडलं. ती भीती अजून तिथेच बसलेली असणार, असं वाटत होतं मला. आज गवतात पडल्या पडल्या तिची वाट बघितली. आली, पण लहान झाली होती. की मीच म्हातारी झालेय?

टॅन्झी पाच पावलांवर उभी, शरमल्यासारखी. एका ओंडक्यावर चढून परत बसले. पागेत आल्यावर पाठीला लागलेलं गवत बघून बाई एवढंच म्हणाल्या, "हाडं सगळी आहेत ना? मग शनिवारी ये, एक धडा जादा."

१६ ऑगस्ट, रविवार

ऑरिनला पडल्याचं सांगितलं नाही. चालण्यावरून ओळखलंन. जाताना म्हणाला, "सप्टेंबरात डोंगरावरची गुरं खाली उतरवायची आहेत. येशील?"

मला! एवढ्या वर्षांनी! ओरडायचं होतं, पण म्हटलं, "बघते."

"पॅनकेक घरी ठेव."

२० सप्टेंबर, रविवार

हे सगळं नीट लिहायचं आहे, पण बोटं वळत नाहीत.

पहाटे डोंगरात शिरलो तेव्हा गवतावर दहिवर होतं. मी डीकनवर, रविवारच्या खोगिरात. ऑरिन, मी आणि शेजारचे दोघे. वरच्या खिंडीखाली ऑरिन थांबला. "घोडा दमलाय माझा. तू पुढे हो, त्या कालवडी घेऊन ये." आणि एका ओंडक्यावर बसला. ऑरिन! बसला!

गेले एकटी. कालवडी ओढ्याच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांच्या मागे जायला डीकन काठावरून खाली उतरू लागला आणि माती सुटली. अख्खा घोडा मागच्या पायांवर घसरत खाली – आणि मी बसलेली! मूठ धरलीच नाही. धरायची आठवणच झाली नाही. कंबर सैल, टाचा खाली, नजर समोर. लगाम सोडला, त्याला त्याचं कळत होतं. दोघे मिळून पाण्यात उतरलो, पलीकडे चढलो आणि कालवडींच्या मागे गेलो. हाकत खाली आणल्या. सगळ्या!

ऑरिनने बसल्या जागेवरून पाहिलं होतं. "कुठे शिकलीस असं बसायला?"

"पॅनकेकवर."

हसला. पण थकलेला दिसला. रात्री बीन्स आणि स्टेक केलं, तर अर्धं टाकलं त्याने.

२७ सप्टेंबर, रविवार

दोन्ही सोडणार नाही. ठरलं. आता टॅन्झीवर चढले की लगामावर हात आपसूक दोन होतात, डीकनवर चढले की एक. मला सांगावं लागत नाही.

१४ ऑक्टोबर, बुधवार

इमोजेनबाईंच्या अंगणात ऑरिनची गाडी. मला वाटलं, गवत द्यायला आला असेल.

रिंगणात टॅन्झी, इंग्लिश खोगिरात ऑरिन. डोक्यावर हॅट नाही – हेल्मेट! मी हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हृदयाची झडप गेलीये. हळू चालीने फिरायला हरकत नाही, पण जड काही उचलायचं नाही. मिझुलाच्या डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलंय."

"मार्चमध्ये? मग दर रविवारी माझं खोगीर?"

"मिस्टर टीग, टाचा खाली!" बाई ओरडल्या.

त्याने टाचा खाली केल्या.