तेरेक-बुलाकच्या पुलाची तारीख

काराकोल, १७ एप्रिल

प्रिय उरमातदादा,

घरी सगळे बरे आहेत. थंडी सरली तसे आईचे गुडघे जरा हलके झालेत, कालपासून गाईचं दूध पुन्हा तीच काढते. जर्दाळूला फुलं आलीत. शेजारच्या उमसुनाय काकूंच्या मुलाने जुनी जीप विकून नवी आणली आणि पहिल्याच दिवशी गटारात घातली. काकू दारात उभ्या राहून ओरडत होत्या, "गाडी नवी आणलीस, डोकं कधी बदलणार?" तू असतास तर हसून लोळला असतास.

त्यांचा जावई तुझ्याच शहरात कामाला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर हा विषय निघाला की तू फोन ठेवतोस. पत्र ठेवून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

तू ज्यात लिहायचास त्या इंटरनेटवरच्या डोंगरवाटांच्या नकाशाचं काम मी करतेय. पगार नाही, कुणाची सक्ती नाही. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही, कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, हे तूच मला शिकवलंस. पण हल्ली नव्याने लिहायला येणारे फार गोंधळतात. प्रत्येक वाटेच्या पानात घालायच्या त्या छोट्या आज्ञा, मॅक्रो, त्यांतला कुठला काय करतो हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कंसात 'पाणी' लिहिलं की थेंब उमटतो, 'मुक्काम' लिहिलं की तंबू, आणि 'धोका' लिहून पुढे तारीख आणि मजकूर दिला की लाल चौकट येते. सगळे एकमेकांचं बघूनच लिहितात. हे मॅक्रो अल्माटीच्या सायातने बनवलेत. तो मला म्हणाला, "तू शाळेत शिकवतेस, बेगायम. आमच्यापैकी कुणाला धड समजावून सांगता येत नाही. नव्या लोकांसाठी तूच लिही ना." मी हो म्हटलं. प्रत्येक मॅक्रो आधी स्वतः वापरून बघायचा आणि मगच त्याबद्दल लिहायचं असं ठरवलं.

गेल्या आठवड्यात 'धोका' हाती घेतला. सरावाच्या पानावर त्या दिवशीची तारीख टाकली आणि लिहिलं, "कुत्रा चावतो." छान लाल चौकट आली. सकाळी शाळेत निघण्याआधी आईला दाखवावी म्हणून पान उघडलं, तर चौकट गायब. वाटलं, कुणीतरी पुसली. आतला मूळ मजकूर उघडून पाहिला, तर माझी ओळ जशीच्या तशी जागेवर. लिहिलेलं होतं, पण वाचणाऱ्याला दिसत नव्हतं.

सायातला फोन केला.

"बरोबरच आहे की," तो म्हणाला. "ती तारीख म्हणजे धोका कधीपर्यंत आहे ती. उलटली की चौकट आपोआप जाते. जुन्या सूचनांचा पसारा नको म्हणून तसं केलंय."

"पण मी तर आजची टाकली. धोका ज्या दिवशी पाहिला, त्या दिवशीची."

"तशी कोण टाकेल?" तो हसला.

दादा, मी फोन ठेवला आणि चुलीपाशी होते तिथेच खाली बसले. आई विचारत राहिली, "काय झालं? कुणी गेलं का?" तशी कोण टाकेल हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

इतका वेळ मी झेनिशचं नाव टाळतेय. आता टाळून चालणार नाही.

मी तेरेक-बुलाकचं पान उघडलं. वर, सगळ्यांना दिसतं तिथे, काही नव्हतं. आतल्या मजकुरात तुझ्या नावाने 'धोका' होता, पुढे झेनिश गेला त्याच्या आदल्या संध्याकाळची तारीख आणि मग, "पुलाच्या मधल्या फळ्या कुजल्यात. पाय ठेवू नका. खालच्या उताराने जा."

तू लिहिलं होतंस. त्या संध्याकाळी चौकट तुझ्या डोळ्यांनी बघितलीस आणि निर्धास्त झोपलास. रात्रीतून तारीख उलटली. सकाळी पाहुण्यांना वाट दाखवायला निघताना झेनिशने नेहमीसारखं पान बघितलं, त्याला वाट मोकळी दिसली. पाहुण्यांना काठावर थांबवून तो आधी एकटा पुलावर गेला आणि कुजक्या फळ्यांसकट खाली कोसळला.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात चोलपोनायवहिनीने तुला पंगतीतून उठवलं. "माझा नवरा तुझा शब्द वाचून डोंगरात पाऊल टाकायचा! लिहिलं म्हणतोस, मग दाखव कुठाय!" तू फोन काढलास, पान उघडलंस, तर तिथे काहीच नव्हतं. त्यानंतर तू कुणाशी वाद घातला नाहीस. गाव सोडताना आईला एवढंच म्हणालास, "कदाचित ते जतन करायचं बटण माझ्याकडून दाबलंच गेलं नसेल."

दाबलं गेलं होतं, दादा.

वहिनीला अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुला कळायला हवं होतं.

बेगायम


काराकोल, ६ मे

दादा,

पत्र पोचल्याचं काकूंच्या जावयाने कळवलं. तू वाचून खिडकीशी उभा राहिलास आणि जेवला नाहीस, असं म्हणाला. उत्तराची घाई करू नकोस. इकडचं मात्र ऐक.

सायातला झेनिशबद्दल आणि तुझ्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं होतं, हे कुणालाही कळेल." पुन्हा पुन्हा तेवढंच. त्याला चार शब्द सुनवायचे म्हणून फोन केला होता, पण एकही सुनवता आला नाही. त्याने स्वतःच्या नावाने सगळ्यांना कळवलं, काय घडलं आणि कशामुळे. मॅक्रोही बदलला. आता धोका आपोआप पुसला जात नाही. कुणीतरी तिथवर जाऊन, डोळ्यांनी बघून तो काढावा लागतो. बदल झाल्यावर मी नकाशा उघडला. तुझ्यासारख्याच तारखा टाकणारे कितीतरी होते. दरडी, फुटलेले ओढे, ढासळलेल्या कडा, आत दडून राहिलेल्या सगळ्या सूचना एकदम वर आल्या. डोंगरच्या डोंगर लाल झाले.

मग लॅपटॉप काखेत मारून बाजारात गेले. वहिनी तिच्या टपरीवर अश्लान-फूच्या, त्या थंड तिखट रश्श्याच्या, शेवया कापत होती.

"वहिनी, दादाने लिहिलं होतं."

"तेच तेच उकरू नकोस, बेगायम. गिऱ्हाईक उभंय."

मी लॅपटॉप तिच्या पाटाशेजारी उघडून ठेवला. ती ओठ हलवत वाचायला लागली. वाचून झालं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी तारखेचं सांगितलं.

"म्हणजे ह्याने लिहिलं, त्याने बघितलं, आणि मधल्या मध्ये यंत्राने गिळलं?"

"हो."

"मग इतके दिवस मी कुणाला शिव्या घालत होते?"

समोरच्या माणसाला ती म्हणाली, "आज काही मिळणार नाही, जा," आणि स्टुलावर बसली. रडली नाही. मिरचीने लाल झालेले हात तसेच मांडीवर ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "मी त्याला भरल्या ताटावरून उठवलं ग. आणि तो उठला. एक शब्द न बोलता उठला."

मी निघाले तशी तिने मागून हाक मारली. "त्याला ये म्हणावं. माफी मागेन असं कबूल करू नकोस, मला ते तोंडाने जमेल की नाही ठाऊक नाही. ज्यांच्यासमोर उठवला, त्या सगळ्यांना जेवायला बोलावते. त्यांच्यासमोर माझ्या शेजारी बसवते. तेवढं जमेल मला."

दिवस तिने ठरवलेला नाही. म्हणाली, तो तू ठरवायचास.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेल्या तिघींपैकी एक,
तुझी बहीण
बेगायम