दमट हवेची काडतुसं

१२ जून

पाचातल्या तीन आत, दोन बाहेर. नापास!

चौतीस वर्षांत पहिल्यांदा. शंभर मीटरवर हरणाचं चित्र, त्यावर ताटाएवढं वर्तुळ, पाचही गोळ्या त्यात गेल्या पाहिजेत. नाहीतर त्या वर्षी हरणाच्या शिकारीला जायचं नाही. दर उन्हाळ्यात मी हे वॅफल खाता खाता उरकायचे. आज दुसऱ्याच गोळीला खांदा ठणकायला लागला आणि चौथीला मी डोळे मिटले. मिटले! माझं मला कळलं.

कागद तोर्गिल्सने पाहिला. आमच्या शिकारी टोळीचा म्होरक्या, बाबांचा जुना दोस्त, सत्तरी ओलांडलेला. घडी घालून माझ्या हातात दिला. ओरडला असता तर परवडलं असतं.

घरी ऐविंडने विचारलं, काय झालं. म्हटलं, वारा होता. माझा नवरा पंचवीस वर्षं फेरीबोटीवर आहे, वारा होता की नव्हता ते त्याला माझ्याहून जास्त कळतं. त्याने कॉफी ओतली.

१३ जून

आता लिहूनच टाकते. हे आजचं नाही, गेल्या ऑक्टोबरपासून चाललंय.

बाबा आयुष्यभर दारू मोजून काडतुसं घरीच भरायचे — स्वतःची आणि माझी. हिरव्या पट्टीचे डबे माझे. "दमट हवेची आहेत," म्हणायचे. आमच्या फ्योर्डाच्या खाडीकाठी हवा दमट नसते कधी? एकदाच लख्ख ऊन पडलं होतं, तरी हातात हिरवाच डबा. मी विचारलं, तर म्हणाले, संध्याकाळी पाऊस येईल. आणि आला की! ते स्वतः मात्र लाल पट्टीची वापरायचे. जुनी सवय.

ते गेल्यालाही तीन वर्षं झाली, तरी तळघरात हिरवे डबे उरले होते. शेवटचा गेल्या सप्टेंबरात संपला. मग दुकानातली आणली. त्या काडतुसांच्या हिशेबाने बंदुकीवरची दुर्बीण नव्याने लावून घेतली, म्हणजे तोही बहाणा नाही. आणि ऑक्टोबरात धबधब्याखालच्या जागेवरून एका हरणीवर नेम धरला, चाप ओढता ओढता दचकले. गोळी मागे, पोटात. अंधार पडेपर्यंत शोधलं. सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी. ती रात्र तिने कशी काढली असेल! त्या मांसाचा एक घास माझ्या घशाखाली उतरला नाही.

पास-नापास गेलं खड्ड्यात. हे पुन्हा होता कामा नये.

१९ जून

गुरुवार, गावच्या नेमबाजीचा दिवस. तोर्गिल्स म्हणाला, दे इकडे, आज तुझी बंदूक मी भरतो. मला वाटलं माया. कसली माया! पाचांत एक खोटं काडतूस घातलं होतं, आत दारूच नाही. तिसऱ्या वेळी चाप ओढला. नुसतं टिक्! आणि बंदुकीचं नाक वीतभर खाली. धक्का नाही, आवाज नाही, तरी मी उडाले. सगळ्यांसमोर!

तोर्गिल्स हळूच म्हणाला, "तू बुजली आहेस, गुनवोर."

हा शब्द आमच्याकडे माणसाला लावत नाहीत. कुत्र्याला लावतात. बंदुकीला बुजलेला कुत्रा जंगलात नेत नाहीत, घरी ठेवतात. तोर्गिल्सचा बाम्से तसाच आहे. पहिल्या बारालाच गाडीखाली शिरतो आणि वॅफल दाखवल्याशिवाय बाहेर येत नाही. मी उरलेला वेळ त्याच्याशेजारी बसून काढला. माझं वॅफलही त्यालाच दिलं.

निघताना तोर्गिल्सने सांगितलं की वीस ऑगस्टला टोळीची बैठक. ज्याच्याकडे परीक्षेचा कागद नाही त्याला शिकारीला बसायची जागा नाही. माझी धबधब्याखालची मग टोळीतल्या स्टायनारला जाईल. बाबा तिथे बसायचे, त्यांच्या आधी आजोबा. पण तोर्गिल्सच्या ठिकाणी मी असते तर मीही हेच केलं असतं.

२० जून

बाबा ब्याऐंशीपर्यंत लाल पट्टीची मारत होते. मी त्रेपन्नाव्या वर्षी बुजले.

२८ जून

सीगवेच्या दुकानात गेले. बंदुका दुरुस्त करतो, विकतो, आणि गिऱ्हाइकाला शहाणपण फुकट देतो. त्याला आधी म्हटलं, दस्ता नीट बसत नाहीये. त्याने दस्ता पाहिला, मग मला पाहिलं. "नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणणार होतो," म्हणाला, "पण तुझं अंगण खरंच मोठं आहे. ही तीस-शून्य-सहा काडतुसाची बंदूक घोड्याएवढ्या मूस हरणालाही पुरते. तुला मारायचंय काय?"

म्हटलं, सप्टेंबरात हरीण, गुरुवारी कागद. आणि डोळे उघडे ठेवायचेत.

मग त्याने फळीवर एकेक काडतूस उभं केलं. दोनशे त्रेचाळीस — धक्का जवळजवळ नाहीच, कागदावर सुरेख, छोट्या भेकरासारख्या हरणाला छान. पण आमच्या मोठ्या लाल हरणाला कायद्याने चालत नाही, गोळी फार हलकी. बाद! तीनशे आठ — तीस-शून्य-सहाची धाकटी बहीण, स्वभाव तोच, थोडी कमी ओरडते. अमेरिकेतली एक नवी साडेसहा मिलिमीटरची, तिच्याबद्दल शहरातली पोरं फार बोलतात म्हणे. आणि शेवटी जुनी साडेसहा-पंचावन्न. लांब, बारीक, दहा ग्रॅमची गोळी. धक्का माझ्या बंदुकीच्या निम्म्याहून थोडा जास्त. कायद्यात बसते, हरणाला पुरते, आणि नेमबाजीत तर आपल्या देशाने शंभर वर्षं हीच वापरली.

मी विचारलं, पण पुरते ना खरंच? पोटात नाही जाणार?

"गोळी कुठे जाते ते काडतूस ठरवत नाही," सीगवे म्हणाला. "डोळे उघडे असलेला माणूस ठरवतो."

वापरलेली एक आहे त्याच्याकडे. परीक्षेपर्यंत घेऊन जा म्हणाला, आवडली तर बोलू.

३ जुलै

बंदूक कपाटात आहे, अजून हात लावला नाही. लाज वाटते! कोणाला सांगणार, म्हणून इथे लिहिते.

एकोणिसाव्या वर्षी टोळीत आले तेव्हा बाबा म्हणाले होते, तुला साडेसहा घेऊ. मी फणकारले होते, मला पुरुषांचीच हवी! आठ दिवस जेवणाच्या टेबलावर एक शब्द बोलले नाही. शेवटी त्यांनी स्वतःच्यासारखीच तीस-शून्य-सहा आणली. आणि मी ती मारली, चौतीस वर्षं, पापणी न हलवता. टोळीत एकटी बाई आणि काडतूस तेच. पाहुणे आले की बाबा सांगायचे, "आमच्या गुनवोरला धक्का जाणवतच नाही!" आणि माझी मान ताठ. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यात मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

आता खाली उतरायचं. ऐविंडला म्हटलं तर म्हणाला, "अगं, बोट किनाऱ्याला लावताना मी वेग कमी करतो. कोणी मला भित्रा म्हणत नाही." नवरा कधीकधी शहाण्यासारखं बोलतो, पण त्याला ते सांगायचं नाही.

१० जुलै

मारली.

पहिली गोळी सुटली आणि मला कागदावरचं भोक दिसलं — तिथल्या तिथे, दुर्बिणीतून! गेले आठ-नऊ महिने गोळी सुटली की मला फक्त आभाळ दिसत होतं. दुसरी मारली. तिसरी. खांद्याला कोणी ओळखीच्या माणसाने धक्का द्यावा, "सरक जरा," एवढंच. वीस मारल्या आणि अजून मारावंसं वाटत होतं. ही भावना मी विसरलेच होते. किती छान असतं हे!

घरी येताना गाडीत गात होते. बेसूर.

१७ जुलै

तोर्गिल्सने बंदूक पाहिली. "साडेसहा? म्हणजे आता कागदाचीच शिकार वाटतं."

मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी याच काडतुसावर सात पोरं पोसली. ती काय कागद खाऊन वाढली?"

बाकीचे हसले. तोही हसला, जरा उशिराने. मग वाकून बघितलं, बोल्ट मागेपुढे केला आणि म्हणाला की आजोबांच्या बंदुकीचाही आवाज असाच होता. त्याला बोलायला विषय मिळाला, मला कॉफी. बाम्से आज गाडीखाली अर्धाच आत होता. शेपूट बाहेर!

२४ जुलै

मी स्वतःच तोर्गिल्सला म्हटलं, खोटं काडतूस घाल, कितवंही.

चौथ्या वेळी टिक् झालं. नळी हलली. वीतभर नाही, बोटभर. पण हलली. म्हणजे भीती खांद्यात नाही, आणखी कुठेतरी शिरून बसली आहे. घरी येऊन रोज पन्नास वेळा रिकामी बंदूक धरायची, दाराच्या मुठीवर नेम, चाप ओढायचा. ऐविंड म्हणतो, दाराने काय घोडं मारलंय तुझं?

२ ऑगस्ट

पावसामुळे मैदान बंद. दाराची मूठ मेली.

७ ऑगस्ट

दहांत तीन खोटी. तिन्ही वेळा नळी जागच्या जागी. तोर्गिल्सने चौथं घातलं, मला न सांगता. तेव्हाही.

"बरं," तो म्हणाला. त्याच्याकडून हे भाषणच झालं.

१४ ऑगस्ट

पाचाला पाच! पाचही मिळून बशीएवढ्या जागेत.

परीक्षेआधीची तीस सरावाची मारून झाली तरी खांदा तक्रार करत नव्हता. कागदावर शिक्का मारताना तोर्गिल्सने चष्मा काढून पुसला, परत घातला, भोकं पुन्हा मोजली. मला वाटलं काही खोट काढतोय. मग म्हणाला, "ओस्मुंडला आवडलं असतं." ओस्मुंड म्हणजे बाबा. मला तिथेच रडू फुटलं. बाम्सेच्या अंगात तोंड खुपसलं, त्याला वाटलं खायला मिळणार.

सीगवेला फोन केला, बंदूक माझी झाली म्हणून. तो म्हणाला, पहिल्या दिवशीच झाली होती.

२० ऑगस्ट

धबधब्याखालची जागा माझी. स्टायनारला वरची मिळाली, तिथे मुंग्या फार आहेत.

६ सप्टेंबर

आज सकाळी. रिपरिप पाऊस. ओल्या ऑल्डरच्या झाडाखाली दोन तास बसले होते, पायांना मुंग्या आल्या होत्या. हरणी खालच्या कुरणातून आली, एकटी, पिल्लू नव्हतं. नीट पाहून घेतलं, तीनदा. सत्तर मीटरवर आडवी उभी राहिली. मला ऑक्टोबर आठवला. बोट चापावरून काढलं आणि थांबले. ती चरत राहिली. श्वास सोडला, पुन्हा बोट ठेवलं.

गोळी लागलेली मी पाहिली. उघड्या डोळ्यांनी पाहिली. ती चार पावलं गेली आणि पडली. बस्स, तेवढंच. माग काढायला कुत्रा नको, रात्र नको.

तिच्याजवळ बराच वेळ बसून राहिले. आनंद झाला आणि वाईटही वाटलं. दोन्ही खरं. मग तोर्गिल्स गाडीत ठेवलेल्या बाम्सेला घेऊन आला, गोळीची जागा बघितली, उठून माझा हात हातात घेतला. "ही नाही बुजलेली," म्हणाला. मला की बाम्सेला सांगत होता, कळलं नाही.

यंदाचं मांस मी खाणार.

१४ सप्टेंबर

दिवसभर पाऊस. साडेसहाची काडतुसं आता घरीच भरावी म्हणून तळघरातलं बाबांचं टेबल आवरायला घेतलं. सगळ्यात खालच्या खणात त्यांची भरण्याची वही. मी कधी उघडलीच नव्हती.

पहिलं पान, मी एकोणीस वर्षांची असतानाचं, माझी बंदूक आली त्याच आठवड्यातलं:

"लाल — माझी. हिरवी — गुनवोरची. दारू कमी. कायद्याला पुरेल, हरणाला पुरेल, पोरीच्या खांद्याला जाणवणार नाही. विचारलं तर सांगायचं: दमट हवा."

शेवटचं पान तीन वर्षांपूर्वीचं, अक्षर हललेलं:

"हिरवे सहा डबे उरले. संपायच्या आत तिला सांगायला हवं."

मी पायरीवर बसून आधी रडले आणि मग इतकी हसले की ऐविंड धावत खाली आला. एकाच पावसात, एकाच झाडाखाली, बाबा — तुमची लाल कशी चालायची, हे मी चौतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही!