बंद पडलेल्या आवाजाची कैफियत

आदरणीय दादा (मेहुणे असलात तरी वयाने आणि पोटाने मोठे, म्हणून),

गुडघा वाकेल तेवढा नमस्कार. तुमची शुगर आणि वहिनींचा राग दोन्ही आटोक्यात असतील, अशी आशा करतो. माझ्या तब्येतीचं विचारू नका. न विचारताच सांगतो.

तुमच्या बहिणीच्या हट्टापायी मी छातीत यंत्र बसवून घेतलं. मी घोरतो हा आरोप मला आजही मान्य नाही. रस्त्यापलीकडची मोटर नुसती ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस मी. मला माझ्याच नाकाखालचं ऐकू येणार नाही? पण झोपेत जीभ मागे पडून श्वास अडतो, असं डॉक्टर म्हणाले, आणि ही तर किती वर्षं मुलीच्या खोलीत झोपत होती. (मुलगी सासरी जाऊन जुनी झाली, तरी ही परत येईना.) आधी रात्री तोंडावर बांधायचा मुखवटा दिला होता. तो लावला की मी विमान उडवायला निघालोय असं वाटायचं. शेवटी छातीत वरच्या बाजूला कातडीखाली एक डबी, तिथून जिभेच्या नसेपर्यंत तार. निजताना रिमोटचं बटण दाबायचं, की दर श्वासाला जीभ पुढे. "यंत्र बसलं की येते मी माझ्या जागेवर," असं ही म्हणाली, म्हणून कापून घेतलं!

आता, चालू करून दाखवल्याशिवाय यंत्राबद्दल बोलायचं नाही हा माझा धंद्याचा नियम. मोटर दुरुस्तीच्या माझ्या दुकानात बर्फाच्या कारखान्याचा मालक आला, त्याला कौतुकाने बटण दाबून दाखवलं. काही झालं नाही. छातीवर दोन थापट्या मारल्या (जुन्या पंख्याला मारतो तशा). "शेठ, वॉरंटी आहे ना?" मालक म्हणाला. मी रिमोट खिशात टाकून विसरलो. माणसाला आधी झोप लागावी म्हणून यंत्र अर्ध्या तासाने जागं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तेव्हा त्यांच्या पंख्याचा खडखडाट ऐकत होतो. अर्ध्या तासाने तो बिचारा मोटर पुन्हा कशी जळाली ते कळवळून सांगत होता आणि मी दर श्वासाला त्याला जीभ दाखवत होतो. खुलासा करावा, तर जीभच जागेवर नाही! मोटर उचलून गेला समोरच्या दुकानात. (येईल परत. समोरचा ठार बहिरा आहे.)

तेही सोसलं असतं. पण दादा, यंत्र चोख चालतं, ही उशी घेऊन आली, आणि हिलाच झोप येईना! खोली इतकी शांत, की ही सारखी माझ्या नाकाखाली बोट धरते, मग ढोसते. "अहो, आहात ना?" आहे म्हटलं, की "मग आवाज का नाही?" भिंतीपलीकडून तो आवाज आला की हिला म्हणे मी धडधाकट असल्याची खात्री पटायची. चार दिवसांत उशी परत गेली. यंत्र बंद ठेवलं तर डॉक्टर ओरडतात, चालू ठेवलं तर तुमची बहीण. माणसाने श्वास घ्यायचा तरी कसा?

तुमचा त्रासलेला मेहुणा

ता. क. गेल्या सुट्टीत मी तुमच्या दिवाणखान्यात झोपलो असताना तुम्ही मोबाइलवर एक आवाज टिपून सगळ्या भावंडांना ऐकवलात. तो तुमच्या फ्रिजचा आहे, असं मी शपथेवर सांगितलं होतं. तो फ्रिज तातडीने माझ्या मोबाइलवर पाठवा. उशाशी लावून ठेवीन म्हणतो.

ता. क. २ : शेवटची शिट्टी कापू नका, असं ही स्वयंपाकघरातून ओरडून सांगते आहे. तिला त्यावरच झोप लागते.