दोन मिनिटांच्या आत

चोरल, रेसचा कॅम्प
१६ जानेवारी, गुरुवार

प्रिय यामिनीताई,

सा. न. वि. वि. आई पत्राच्या वर हे लिहायची म्हणून मीपण लिहिलं. पूर्ण काय असतं ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही, पण त्यात नमस्कार आहे एवढं नक्की. तो घे.

तू बरी, आई बरी, आईचा गुडघा बरा, असं धरून चालतो. मीपण बरा आहे. फोन बरा नाही. पहिल्याच नाल्यात माझ्याआधी तो उतरला, आता तांदळाच्या डब्यात झोपलाय. म्हणून पत्र. आपल्या कॉलनीतला मनीषभिया आठवतो ना, रेससाठी बर्फ आणि केळी आणायची पिकअप तोच चालवतो. रोज संध्याकाळी इंदूरला जातो आणि सकाळी परत येतो. त्याच्या हातात देतोय. तसंही फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तू पकडतेस. पत्रात पकडायला वेळ लागतो.

निघताना तू विचारलंस की डोंगरात सायकल चालवून मिळतं काय. मी सकाळपासून त्याचाच विचार करतोय. धूळ मिळते, ती दातांत अजून आहे. वाट म्हणजे बकऱ्या जातात तेवढीच रुंद, मधे दगड, दगडावर वाळलेली सागाची पानं, पानाखाली काय आहे ते चाक गेल्यावर कळतं. चढ इतका की काही ठिकाणी सायकल खांद्यावर घेऊन चालायचं. मतलब सायकलची रेस आणि सायकल आपल्यावर बसलेली. एका वळणावर एक म्हातारबा शेळ्या घेऊन उभे होते, त्यांनी विचारलं की भिया, इसमें मोटर क्यों नी लगवाते. मी थांबून त्यांना गिअर दाखवत बसलो. छान माणूस होता. तेवढ्यात मागचे सगळे पुढे गेले.

मग पार्टनर चिडला असेल असं वाटलं, पण तो वर टेकडीवर एक पाय जमिनीवर टेकवून उभा होता. ही रेस जोडीजोडीने आहे ना, तुला सांगायचं राहिलं. दोघांनी एकमेकांपासून दोन मिनिटांच्या आत राहायचं. मधेमधे चौक्या आहेत, तिथे बघतात. एक आला आणि दुसरा आला नाही तर दंड दोघांना. एकाने सोडली तर दुसरापण बाद. चार दिवस असंच, रविवारी इंदूरला संपणार.

पार्टनर ठीक आहे. माझा मित्र पुष्कर, त्याच्या ओळखीतला आहे, तू नसशील ओळखत. कमी बोलतो. चढाला पुढे जातो, उताराला घाबरतो, माझं उलट आहे म्हणून जमतं. तुझे तिळाचे लाडू खिशात ठेवले होते, वर पोचल्यावर त्यालापण दिले. हळूहळू चावून खाल्ले. मग म्हणाला, जायफळ जास्त आहे. तिळाच्या लाडवात जायफळ असतं हेच मला पहिल्यांदा कळलं.

बाकी सर्व ठीक. आईला सांग, स्वेटर घालतो.

तुझा
देवांश


जानापावच्या पायथ्याशी
१७ जानेवारी

ताई,

नमस्कार वरच्यासारखाच.

मनीषभियाने सकाळी तुझी चिठ्ठी दिली. ‘जायफळ जास्त म्हणणारा जगात एकच माणूस आहे. तोच पार्टनर असेल तर तसं लिही. नसेल तर त्याचं नाव लिही.’ खाली सहीसुद्धा नाही. पण सोबत पोह्यांचा डबा होता आणि वर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची पुडी वेगळी बांधलेली, म्हणजे फार चिडली नसशील. मनीषभिया म्हणाला, दीदीने डब्याचं झाकण दोनदा लावलं. आता झाकण दोनदा लावणं म्हणजे काय, हे मी दिवसभर सायकलवर बसून सोडवत होतो आणि एकदा बोरीच्या काट्यात गेलो.

आज वानरं फार होती. एकाने आमच्या पुढच्या जोडीचं केळं चालत्या सायकलवरून नेलं. त्यातली मागची जी मुलगी होती, ती हसून हसून सायकलवरूनच पडली आणि

बरं. हो. पियुषजिजाजीच आहेत.

गणपतीत आम्ही दोघांनी नावं दिली होती, आठव, तूच म्हणाली होतीस की बरं झालं, दोघांची कटकट चार दिवस घराबाहेर. मग तू भाऊबीजेला आलीस. ती एवढी मोठी बॅग बघूनपण मला काही कळलं नाही, मी ताटापुढे बसलो आणि ओवाळून घेतलं. परत जायचा दिवस गेला, पुढचापण गेला, मग आई रोजच्यापेक्षा जास्त पोळ्या करायला लागली तेव्हा समजलं. रेस तेव्हा डोक्यातच नव्हती. या महिन्यात त्यांचा एक मेसेज आला, तू येतोयस ना. बस एवढाच. मी सोडली असती तर ते बाद झाले असते. मी मनात म्हटलं, होऊ दे बाद. आणि लिहिलं, हो, येतोय. असं का लिहिलं ते मला विचारू नको, मी स्वतःला विचारून बसलोय. शाळा पूर्ण केली त्यानंतर मी काही पूर्ण केलेलं नाही, ते एक असेल. पण तेवढंच नसेल.

ठरवून आलो होतो की यांच्याशी बोलायचं नाही. चौक्यांवर शेजारी उभं राहायचं, बाकी अनोळखी. पहिल्या तासातच माझी चेन अडकली. चेन अडकल्यावर माणूस कसा अबोला धरणार. आणि चढावर राग धरून ठेवता येत नाही ताई, दम लागतो. हे मी त्यांच्या बाजूने लिहीत नाहीये. नुसतं होतं तसं लिहितोय.

तुझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, बोलतील तर मी सुनावीन, तयारी करून आलो होतो. आज डबा उघडला तेव्हा बाजूला जाऊन ब्रेक घासत बसले. मी पोहे पुढे केले तर म्हणाले, तुझे आहेत. मग थोड्या वेळाने विचारलं, आईंचा गुडघा कसाय. मी म्हटलं, बराय. संपलं.

तू सांगतेस तो माणूस आणि हा माणूस, दोघं एकच आहेत का? तू म्हणतेस की ते घरात असून नसतात, आपण बोललं तर भिंत ऐकते. मी ते खोटं मानत नाही. इथेपण ते भिंतच आहेत. पण ही भिंत प्रत्येक टेकडीवर थांबलेली असते. नियम आहे म्हणून थांबते की कसं, मला सांगता येत नाही.

राग आला असेल तर उद्या डबा पाठवू नको, मी समजेन.

देवांश


जानापावच्या पायथ्याशीच
१८ जानेवारी, संध्याकाळ

ताई,

डबा आला. चिठ्ठी नाही. आता यातून मी काय समजू? मनीषभियाला विचारलं, आज झाकण कितीदा लावलं, तर तो म्हणाला, यार मैं गाड़ी चलाऊँ कि ये देखूँ.

आज जे झालं ते लिहितो. यात माझी चूक कुठे सुरू होते ते मला दिसत नाही, तुला दिसलं तर सांग.

आज घाट उतरून परत चढायचा होता. वाटेवर रेसवाल्यांनी झाडांना केशरी फिती बांधलेल्या असतात, फीत दिसली की तिकडे वळायचं. चढ सुरू झाल्यावर जिजाजी पुढे गेले, मी मागे एकटा. एका फाट्यावर मला डावीकडे केशरी दिसलं, पुढच्या झाडावर परत केशरी, मग तर रांगच. मी खूश, म्हटलं आज रेसवाल्यांनी मन लावून काम केलंय. असं करत मी एका गावात घुसलो आणि समोर हनुमानाचं मंदिर, कढया आणि पंगत. त्या फिती नव्हत्या, भंडाऱ्याच्या पताका होत्या.

मी उलटं वळणारच होतो. पण जेवून जा म्हणत एका काकाने माझ्या सायकलचं हँडल धरलं. पेले जीम लो भिया, म्हणाला, फिर रेस-वेस. मी सांगितलं की माझा पार्टनर थांबलाय, वेळ जातोय. तो म्हणाला, प्रसाद को मना नी करते. आता तू सांग, माळव्यात वाढलेला माणूस पंगतीत काय करणार. बसलो. दाल-बाफले होते, डाळ आणि कणकेचे भाजलेले गरम गोळे. बाफल्यावर तुपाची धार धरणारा माणूस तोंडाने बस म्हटलेलं ऐकत नाही, हात आडवा घालावा लागतो, आणि माझ्या एका हातात लाडू होता. मग डोळे जड झाले. झोपलो नाही, शपथ. नुसता मंदिराच्या ओटल्याला टेकलो.

तेवढ्यात हाक ऐकू आली. माझं नाव होतं, पण आवाज ओळखता येईना, इतका बसलेला. बघतो तर जिजाजी. सायकल नाही. वाटेवर उलटं सायकल चालवायला बंदी आहे, म्हणून ती चौकीवर टाकून पळत आले होते, ते लोखंडी तळाचे रेसचे बूट घालून, आख्खा घाट. प्रत्येक वळणावर खाली वाकून बघत, हाका मारत. त्यांना वाटलं, मी कुठेतरी दरीत पडलोय. गुडघे फुटलेले. माझ्या हातात अर्धा लाडू.

मला वाटलं, आता बोलतील. मी ऐकून घेणार होतो, बोलायला जागाच होती. ते माझ्या शेजारी ओटल्यावर बसले. काकाने त्यांच्यापुढेपण पत्रावळ ठेवली. त्यांनी तिला हात लावला नाही. मग म्हणाले, “मला वाटलं तूपण न सांगता निघून गेलास.”

आणि बाफला कुस्करायला लागले. डाळ सांडली. मी दुसरीकडे बघितलं.

तो ‘पण’ मला वर चढेपर्यंत टोचत होता. आम्ही सोबत चालत होतो, मी सायकल ढकलत, ते रिकामे. दंड लागलाच होता, घाई उरली नव्हती. आणि मग मला राग यायला लागला, उशिरा, पण खूप. कारण भाऊबीजेनंतर एकदा गच्चीवर तू मला जे सांगितलंस ते मला आठवलं, जे तू आईलापण सांगितलेलं नाहीस. की तू बॅग घेऊन खाली उतरलीस, रिक्षात बसलीस आणि रिक्षावाल्याला म्हणालीस, थांबा जरा. आणि वरून कुणी आलं नाही. तीन जिने, ताई. ज्या माणसाला तीन जिने उतरता आले नाहीत, तो माझ्यासाठी घाट उतरला. मला बरं वाटलं म्हणून मला जास्त राग आला, असं काहीतरी. मला हे नीट लिहिता येत नाहीये.

मी थांबलो आणि विचारलं. ताईच्या मागे का नाही आलात?

 ते पुढे चालत गेले आणि तिथून म्हणाले, “इथे सांगितलेलं असतं देवांश, की थांबायचं, बघायला जायचं. घरात कुणी सांगत नाही.”

हे उत्तर आहे का? मला वाटलं, हे फालतू आहे. पाच पावलांनी वाटलं, खरं आहे. परत वाटलं, फालतू आहे. तू त्यांच्याबरोबर राहिली आहेस, तुला कळेल. मी रागातच होतो म्हणून तोंडातून गेलं. म्हटलं, ती तर खाली थांबली होती, रिक्षा उभी करून.

ते जागच्या जागी उभे राहिले.

त्यांना माहीतच नव्हतं, ताई. त्यांनी दार लागल्याचं ऐकलं आणि धरून चालले की गेली. तुमची बाल्कनी मागच्या बाजूला आहे ना. रस्ता दिसतच नाही. मी तुझी गोष्ट सांगायला नको होती, ती माझी नव्हती. आता सांगून झाली, परत घेता येत नाही.

मला वाटलं, काही बाजू मांडतील. त्यांनी मला एकच विचारलं. “किती वेळ थांबली होती?”

मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही, तू सांगितलं नव्हतंस. तेव्हापासून ते तंबूबाहेर माझ्या सायकलचं मागचं चाक काढून बसलेत. चाकाला काही झालेलं नाही.

उद्या शेवटचा दिवस. फिनिश आपल्या राजेंद्र नगरच्या पलीकडच्या मैदानात आहे, घरून चालत येता येईल एवढं. आम्ही आता सगळ्यात खाली आहोत, म्हणजे बाकीचे घरी जाऊन आंघोळ करून बसतील तेव्हा आम्ही येऊ. मैदानात कुणी नसेल. मी तुला ये म्हणत नाहीये. येऊ नको असंपण म्हणत नाहीये. मी कुणाच्या बाजूने आहे ते तीन दिवस शोधतोय. दिसतं एवढंच की उद्या रेषेवर दोघांना सोबत पोचावं लागतं, आणि मी पोचणार आहे.

मनीषभिया हॉर्न वाजवतोय. जिजाजींच्या त्या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीत देऊ नको, ते मी उघडून वाचीन आणि मग मलाच सांगावं लागेल. द्यायचं असेल तर स्वतः दे. द्यायचं नसेल तर डबा पाठव, झाकण कितीदाही लावून.

आईला नमस्कार. स्वेटर आज जिजाजींना दिलाय, त्यांना थंडी वाजत होती.

तुझा, आणि थोडा त्यांचापण,
देवांश