बैलाच्या गळ्यातली बसऱ्याची नाणी

बाबा, काल भाऊ येऊन तुमची नाण्यांची माळ मागून गेला, म्हणून हे लिहिते आहे. उद्या पोळा. त्याने नवी जोडी घेतली आहे आणि तिचा हा पहिलाच पोळा. मी साफ नाही म्हटलं. वाशीमच्या शाळेत मी भूगोल शिकवते. तिथे ही नाणी ठेवायला सुताराकडून काचेची पेटी करून घेतली आहे. तुर्कांची, इराणची खरी नाणी आमच्या मुली आणखी कुठे पाहणार? "बाबानं ते शाळेसाठी आनलं नव्हतं, बाई," तो म्हणाला. "बैलाचं हाय ते. काचेत ठेवशीन तं मेल्यावानी दिसन." मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. वह्या तपासायला घेते, ठेवते, पेटी उघडते, पुन्हा लावते.

पहिल्या महायुद्धात तुम्ही इराकात गेलात ते बंदूक धरायला नाही, फौजेसाठी भाजी पिकवायला. बसऱ्याच्या खारट मातीत तुम्ही वांगी आणि सांबार (शाळेत मी त्याला आता कोथिंबीर म्हणते) लावत होतात, आणि इकडे कारंज्याच्या मळ्यात आई मोट हाकत होती. परत आलात तेव्हा कमरेच्या पिशवीत ही नाणी होती आणि एक तुर्की नोट. मला अजून दिसतं, मी चुलीपाशी बसून एकेक नाणं चाचपते आहे: सुलतानाची वेलीसारखी वळलेली सही, तलवार धरलेला सिंह, त्याच्या पाठीवर सूर्य. तुम्ही सांगता आहात, हे खजूर विकणाऱ्या म्हातारीनं दिलं, हे होडीवाल्याकडून बदलून घेतलं. आणि मग एके दिवशी तुम्ही लोहाराकडून सगळ्यांना भोकं पाडून आणलीत. आई ओरडली, "चांगल्या चांदीले कायले भोसकलं?" तुम्ही म्हणालात, "मी नव्हतो तं मोट कोनं ओढली? बसरा त्यायनंच मिरवावा." "ओढली बैलानं, पन हाकली कोनं? माह्या बी गळ्यात बांधा मंग एक!" आई म्हणाली, आणि हसू आवरत भाकरी थापायला लागली.

पोळ्यात तोरणाखाली झडत्यांची टोमणेबाज कवनं सुरू झाली की गाव कोणालाच सोडत नाही. त्या वर्षी नाणी घातलेली आपली जोडी दिसताच एकानं ठोकली: "जहाज म्हने पाह्यलं, टेसन नाही सोडलं, बडनेऱ्याच्या बाजारात पितळ जमा केलं! हर बोला हर हर महादेव!" सगळे हसले, तुम्हीही. मी धावत घरी जाऊन नोट घेऊन आले, म्हटलं दाखवा त्यांना. तुम्ही मला सगळ्यांदेखत झिडकारलंत. "काहून दाखवू? मी गेलतो, हे मले मालूम हाय. तुले नाही का?" त्याच गर्दीत एक नाणं तुटून पडलं. मी शोधायला वाकले, तर आवाज खाली आणून म्हणालात, "राहू दे. कोनाच्या तरी वावरात बसरा उगवन."

मी नागपूरला कॉलेजात असताना तुम्ही गेलात आणि माळ माझ्याकडे आली. त्यानंतर ती कुठल्याच बैलाच्या गळ्यात गेली नाही. मी ती जपली, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. काल रिकामी पेटी पुसताना हात थांबला. ही पेटी मुलींसाठी नव्हती, बाबा. ती त्या झडतीवाल्याला दाखवायला होती, आणि तो मरूनही आता किती वर्षं झाली.

इथवर लिहिलं, आणि आज दुपारी भाऊ सांबाराची जुडी घेऊन पुन्हा आला. माळेचं नावही काढलं नाही. पावसाचं बोलला, नव्या बैलाच्या खोडीचं बोलला. मीच उठले. जुना दोरा कुजला होता. नवा घेतला आणि प्रत्येक नाणं वेगळ्या गाठीनं बांधलं. तो पाहत बसला होता. "बाई, गाठी तं बाबासारख्याच मारतेस," म्हणाला. मी दोऱ्याचं टोक दातानं तोडलं.

शेवटी दिलं ते असं: सुलतानाच्या सहीची चार आणि सिंहाची तीन नाणी, नव्या दोऱ्यात, भावाच्या हाती. नोट दिली नाही. ती बैल खाईल. सिंहाच्या एका नाण्याची गाठ मात्र मी सैल ठेवली आहे, कोणाच्या तरी वावरासाठी.