दाराशी म्हटलेलं आमेन

वसतिगृह, ४ फेब्रुवारी

ती. काकांस,
प्रभूत सलाम. वि. वि.

तुमचा पाय प्लास्टरमध्ये आणि जीभ मोकळी, असं काकी कळवते. बरं वाटलं.

फोनवर आवाजावरून ओळखाल, म्हणून लिहितोय. ११ तारखेला बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन. आत नेण्याआधी मी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी, पाळक नकोत, आपलाच मुलगा हवा, असा त्यांचा निरोप आहे.

काका, मला प्रार्थना येत नाही. म्हणजे शब्द येतात, इथे पाळक होण्यासाठी तेच तर शिकलो. देव दुःख का देतो यावर लांबलचक निबंध लिहिला, वर्गात पहिला आलो, आणि तेव्हापासून डोळे मिटले की समोर कोणी आहे असं वाटतच नाही. उपासनेत सगळ्यांबरोबर नुसते ओठ हलवतो. ऑपरेशनला निघालेल्या बापापुढे हे सोंग कसं करू? आणि नाही म्हणालो, तर ते तसेच आत जातील.

माझ्या दीक्षेचा झगा एवढ्यात बेतू नका.

उत्तराची वाट पाहतो. रागावू नका.

आपला,
पुतण्या

घर, ७ फेब्रुवारी

चि. धाकट्या पाळकास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकीला दाखवलं नाही. तिने लगेच उपास धरला असता. कापड घडीतच आहे. शिंप्याचा पायच मोडल्यावर मशीन कोण चालवणार?

तुझ्या निबंधातलं मला कळायचं नाही. दादा मात्र कळतो. आमची आई गेल्यापासून जेवणाआधी प्रार्थना तोच करतो, आणि सगळ्यांचं आमेन ऐकल्याशिवाय ताटाला हात लावू देत नाही. लहानपणी तू मुद्दाम उशीर करायचास, भाजी निवून जायची.

खोटं बोल, असं मी सांगणार नाही. मलाच धड सुचत नाही. दादाला भूल मानवेल ना, एवढंच डोक्यात फिरतं. तू जा. हात ठेव. पुढचं मला माहीत नाही.

आमचा दोघांचा जीव तिकडेच आहे, हे असू दे ध्यानात.

तुझा,
लंगडा काका

इस्पितळ, ११ फेब्रुवारी

ती. काकांस,
सलाम.

बाबांना आत नेलं. बाकावर बसून लिहितोय. मांडीवर त्यांचा चष्मा आणि रुमालात गुंडाळलेली कवळी.

दाराशी स्ट्रेचर थांबवलं. हात ठेवला. हे पित्या, म्हणालो, आणि पुढे काही येईचना. नर्स घड्याळ बघू लागली. बाबांनी डोळे उघडून विचारलं, घाबरलास का. मी हो म्हणालो. तेवढं खरं होतं.

मग कवळीविना, फुसफुसत्या आवाजात त्यांनीच प्रार्थना केली. डॉक्टरांच्या हातांसाठी, स्ट्रेचर ढकलणाऱ्याच्या पाठीसाठी, तुमच्या पायासाठी. शेवटी म्हणाले, माझा मुलगा फार विचार करतो, त्याला झोप दे. स्वतःबद्दल अक्षर नाही.

आणि थांबून राहिले. काका, ते आमेनसाठी थांबले होते, घरी ताटावर थांबायचे तसे.

मी म्हणालो. मोठ्याने. विश्वासाने की भीतीने, सांगता येत नाही. बाबांनी मान हलवली आणि आत गेले.

दार अजून बंद आहे. मघाशी लक्षात आलं, माझे ओठ हलतायत. आणि इथे दाखवायला तर कोणीच नाही.

झगा बेतू नका. पण कापड परतही करू नका.

माया करता तशीच करत राहा.

तुमचा,
पुतण्या